मर्नाचा कोपरा

"माझ्या घरात बसलास, माझ्या बायकोच्या हातचा केक खाल्लास, मागून दुसरा तुकडा घेतलास, आणि माझ्याविरुद्ध हात वर केलास?"

"केकच्या बदल्यात हात द्यायचा होता होय? आधी सांगायचंस, नील्स. घरून जेवून आलो असतो."

"हसू नकोस, अँटन."

"हसतंय कोण?"

अकरा वर्षांची मर्ना जिन्याच्या चौथ्या पायरीवर झोपायचा झगा गुडघ्यांवर ओढून बसली होती. खाली पुढच्या खोलीत तिचे पप्पा नील्स आणि तिचे काका अँटन एकमेकांसमोर उभे होते. दोघे सख्खे भाऊ. तोवर ते एकमेकांशी फक्त पावसाबद्दल आणि डुकरांबद्दल बोलायचे, तेही हळू आवाजात. बावन्न साल होतं. वेल्बर्ग गावातल्या त्यांच्या पक्षाची एकोणीस माणसं त्या संध्याकाळी टोप्या मांडीवर ठेवून नील्सच्या घरी जमली होती. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, ते उन्हाळ्यात शिकागोला ठरणार होतं, बँडबाजा वाजवून, हजारो माणसांत. पण त्याची सुरुवात अशी कुणाच्या तरी पुढच्या खोलीत व्हायची. गावाने आपली माणसं जिल्ह्याला पाठवायची, जिल्ह्याने राज्याला, राज्याने शिकागोला. गावातल्या या बैठकीला आयोवात कॉकस म्हणतात. पप्पांना ओहायोचा सिनेटर हवा होता आणि काकांना महायुद्ध जिंकलेला सेनापती. त्या दोघांपैकी एकालाही वेल्बर्ग कुठे आहे हे माहीत नव्हतं. हात मोजले तर नऊ विरुद्ध दहा निघाले. दहावा हात काकांचा होता.

"अरे, कॉफी निवतेय. बसा दोघंही," आई म्हणाली. कुणी बसलं नाही. काकांनी टोपी घातली, दार उघडलं, आत बर्फाचा झोत आला, आणि ते गेले. मफलर खुंटीवरच राहिला.

तो मफलर वर्षभर तिथेच लटकत होता. शेवटी आईने धुऊन, घडी घालून तो पोस्टाने पाठवला. काकांचं घर एका मैलावर होतं. दोघा भावांनी भागीत घेतलेलं मक्याची कणसं तोडायचं यंत्र त्या वर्षी बांधावर उभं राहिलं ते राहिलंच. तू सुरू कर म्हणायला कुणी तयार नव्हतं, म्हणून दोघांनीही हाताने कणसं तोडली. चर्चमध्ये एक डावीकडे बसायचा, एक उजवीकडे. अठरा वर्षांनी काका वारले, तेव्हा पप्पा दफनभूमीपर्यंत गेले आणि गाडीतच बसून राहिले.

जिन्यावर मर्नाच्या शेजारी तिची बहीण अर्डिस बसली होती, चार वर्षांनी मोठी. अर्डिसचे डोळे चमकत होते. "काय मजा आली गं! मी असते तर दोन्ही हात वर केले असते."

मर्नाला बाथरूमला जायचं होतं. पण पाय उचलत नव्हते. खोलीत एक हात वर होतो आणि घरातून एक माणूस कायमचा निघून जातो, एवढंच तिला त्या रात्री कळलं. तेव्हापासून तिचे हात खालीच राहिले. शाळेत उत्तर येत असलं तरी बाईंकडे बघायची नाही. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा इतकं हळू "हो" म्हणाली की त्याने पुन्हा विचारलं, आणि मागच्या बाकावरून अर्डिस ओरडली, "हो म्हणाली ती! पुढे चला!"

लग्न केलं ड्वेन हॉगेनशी. जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचं यंत्र तो चालवायचा. माणूस गरीब, बोलायला कमी, सगळं तिच्या मनासारखं. एकच घोळ झाला. हॉगेन मंडळी दुसऱ्या पक्षाची. आता बघा, पप्पांच्या पक्षात पुढे कॉकसला चिठ्ठीवर नाव लिहून, घडी घालून टोपीत टाकायची पद्धत आली. कुणी काय लिहिलं ते कुणाला कळायचं नाही. आणि ड्वेनच्या पक्षात माणसाला सगळ्या गावासमोर उठून कोपऱ्यात उभं राहावं लागायचं. या उमेदवाराचा हा कोपरा, त्या उमेदवाराचा तो. भित्र्या बाईने नवरा बघताना आधी त्याचा पक्ष बघावा, असं मर्ना म्हातारपणी सांगायची आणि स्वतःच हसायची. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

अर्डिसनेही पक्ष बदलला. नवऱ्यासाठी नव्हे. इकडे उभं राहायला मिळतं म्हणून.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात शिकागोच्या अधिवेशनात डोकी फुटली, लोकांनी ती टीव्हीवर पाहिली, आणि ड्वेनच्या पक्षाने सगळे नियम बदलायला घेतले. त्या बदलात आयोवाचं कॉकस जानेवारीत आलं, म्हणजे सगळ्या देशात पहिलं. आधी कुणी ढुंकून बघत नसलेल्या वेल्बर्गला एकाएकी कोट घातलेले लोक यायला लागले. राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालेली माणसं गोठ्यात उभी राहून वासरांच्या पाठीवर थाप मारायची आणि बुटाला काय लागलं ते बघायची नाहीत.

मर्ना तोवर शाळेत स्वयंपाकीण झाली होती. कॉकस शाळेच्या जेवणाच्या खोलीत व्हायचं, म्हणून कॉफी तिच्याकडे. अक्षर चांगलं, म्हणून नोंदीचा कागदही तिच्याकडे. बैठक संपली की आकडे लिहायचे, अध्यक्षांची सही घ्यायची, पाकीट बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बावीस मैलांवर जिल्ह्याच्या गावी, ॲशफर्डला, पक्षाच्या जिल्हाध्यक्षाच्या दुकानात नेऊन द्यायचं. अर्डिस सोबत यायची. परत येताना दोघी हॉटेलात थांबायच्या. ब्रेडवर गरम बीफ, शेजारी कुस्करलेले बटाटे, सगळ्यावर रस्सा.

पण स्वयंपाकीण असली आणि कागद सांभाळत असली, तरी उभं राहणं चुकत नव्हतं. मर्नाला एक पळवाट सापडली. नियमात आणखी एक कोपरा होता, 'अजून ठरलं नाही' म्हणणाऱ्यांचा. हा कोपरा स्वयंपाकघराच्या दाराजवळ असायचा आणि तिथेच कॉफीचं तोटीचं मोठं पिंप. बहात्तर, शहात्तर, ऐंशी, तिन्ही वेळा मर्ना पिंपाशेजारी उभी राहिली. बहात्तरला आणि शहात्तरला तर सबंध राज्यात 'ठरलं नाही' वाल्यांचाच आकडा सगळ्यात मोठा निघाला. तिला जरा बरं वाटलं. आपल्यासारखे भित्रे बरेच आहेत म्हणायचे.

"माझी बहीण कॉफीच्या पक्षाची आहे," अर्डिस सगळ्यांना सांगायची.

अर्डिसने घराच्या तळघरात केस धुवायचं आणि सेट करायचं दुकान काढलं होतं. दर शनिवारी नऊ वाजता मर्नाची पाळी. वीस वर्षं एक शनिवार चुकला नव्हता, मूल झालं तो एक सोडून. आठवडाभर मर्नाच्या पोटात जे काही साठायचं, ते तिथे बेसिनवर मान टाकून, डोळे मिटून बाहेर पडायचं. दुसऱ्या कुणाशीही ती एवढं बोलत नसे, ड्वेनशीसुद्धा.

चौऱ्याऐंशी सालच्या कॉकसच्या आधी, नोव्हेंबरात, मोंटानाचा एक काँग्रेस सदस्य वेल्बर्गला आला. बुटका माणूस, सर्दी झालेली. शाळेत भाषण केलं, सतरा माणसं होती. मग बाथरूम शोधता शोधता तो चुकून स्वयंपाकघरात शिरला. मर्ना भांडी पुसत होती.

"इथे किती मुलं फुकट जेवतात?" त्याने विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं असेल.

"एकशे बारांपैकी एकतीस. मागच्या वर्षी त्रेचाळीस होती."

"मग बारा कुठे गेली?"

"कुठेच नाही. इथेच बसतात. सरकारी कागदात बसत नाहीत म्हणे आता. घरून डबा आणलाय म्हणतात. डब्यात चार बिस्किटं असतात."

त्याने खिशातून पेन्सिल काढली, रुमालाने नाक पुसलं, आणि वहीत लिहून घेतलं. एकतीस, त्रेचाळीस, बारा. मग बाथरूम कुठे आहे ते विचारलं आणि गेला.

तो गेल्यावर मर्नाच्या मनात यायला लागलं. मुख्याध्यापकांना कळलं तर? पेपरात आलं तर? महिनाभर ती दचकत होती. पण पेन्सिल हातात धरून तिला कुणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते तिच्या मनातून जात नव्हतं. तिने कुणाला सांगितलं नाही. अर्डिसला तर मुळीच नाही.

कारण अर्डिस त्या वर्षी इंडियानाच्या सिनेटरची होती. तो तिच्या तळघरात येऊन केस वाळवायच्या यंत्राखाली बसला होता आणि तसा फोटो भिंतीवर लागला होता. त्याच्या माणसांनी अर्डिसला शब्द दिला होता: वेल्बर्गमध्ये आमचा कोपरा टिकव, तू जिल्ह्याला जाशील, राज्याला जाशील, आणि आमचं जमलं तर उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला, राष्ट्रीय अधिवेशनाला. बावन्न सालापासून अर्डिस रेडिओला कान लावून ती हजेरी ऐकत आली होती. एकेका राज्याचं नाव पुकारलं जातं आणि त्या राज्याचा माणूस उठून आपली मतं सांगतो. तिला एकदा ते आतून ऐकायचं होतं. दुकानात कर्लर लावलेल्या बायकांसमोर ती केसांचा ब्रश माईकसारखा धरून सराव करायची. "अध्यक्ष महाराज! आयोवा, जिथे मका हत्तीएवढा आणि बायका त्याहून खमक्या..."

"हत्ती तर त्या दुसऱ्या पक्षाची खूण आहे गं," कुणीतरी म्हणायची.

"मग घोड्याएवढा!"

मर्ना बेसिनवरून हसायची आणि मोंटानावाल्याचं नाव काढायची नाही.

वीस फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी सातला शेचाळीस माणसं जमली. ड्वेन बर्फ काढायच्या यंत्रावर होता, त्यामुळे मर्ना अर्डिसच्या गाडीतून आली होती. येताना अर्डिस गात होती. मर्ना दाराची मूठ घट्ट धरून बसली होती. आत आल्यावर पहिला धक्का बसला. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा विजेचा प्लग जळला होता. कॉफीचं पिंप शिपायाने पश्चिमेच्या भिंतीला नेऊन ठेवलं होतं.

हार्लन प्रीस अध्यक्ष होता. गावातलं धान्याचं कोठार त्याच्याकडे. आवाज मोठा, मन सरळ. त्याने नियम वाचला. शंभरात पंधरा माणसं नसतील तो कोपरा मोडायचा. शेचाळिसात म्हणजे सात. मोडलेल्या कोपऱ्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर घरी.

"उठा! चला आपापल्या कोपऱ्यात!"

खुर्च्या सरकल्या. गव्हर्नर म्हणून एक मोठा उमेदवार होता, त्याच्याकडे चोवीस गेले. मोंटानावाल्याकडे तेरा. ते पश्चिमेच्या भिंतीला होते, कारण त्यांची पुढारी ग्रेटा बाउर मास्तरीण पहिली आली होती आणि तिला कॉफी जवळ हवी होती. अर्डिसच्या सिनेटरकडे सहा. आणि स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराजवळ, 'अजून ठरलं नाही' मध्ये, तिघं: मर्ना, म्हातारे एमिल सोबोत्का आणि त्यांचे मेहुणे ऑटो.

"सहा," हार्लन म्हणाला. "अर्डिस, एक कमी पडतोय. आणि तुम्ही तिघं, तुमचा कोपरा मोडला. पंधरा मिनिटं देतो."

मर्नाने एमिलकडे पाहिलं.

"मी घरी चाललो," एमिल म्हणाले. "गाईंना कुणी गव्हर्नर नाही."

"तुम्ही जरा थांबा ना, एमिल," अर्डिस धावत आली. "नुसतं आमच्याकडे येऊन उभे राहा. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं उभं राहायचं, मग चार वर्षं ऐकून घ्यायचं. नको बाई." त्यांनी टोपी घातली. ऑटो बायकोकडे बघत होते. बायको गव्हर्नरच्या कोपऱ्यात होती आणि गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. ते तिकडे गेले.

आता जेवणाच्या खोलीच्या त्या कडेला मर्ना एकटी उभी होती. चव्वेचाळीस माणसं आणि हार्लन तिच्याकडे बघत होते. ती सगळ्यांना ओळखत होती. त्यांच्या मुलांना ती रोज वाढत होती. तरी तिला वाटलं, आपल्या अंगावर कपडे नाहीत.

"ये गं," अर्डिस हाताने बोलावत होती. चेहरा उजळला होता. "एकच पाहिजे. बघ, देवाने तुलाच ठेवलंय. ये, मर्ना."

ती जाणारच होती. हे ती पुढे नेहमी सांगायची. मला जायचंच होतं, पण पाय हलेना. पप्पांचा आवाज कानात घुमत होता. सगळे बघतायत, काहीतरी करायला हवं, हातांना काहीतरी हवं. तिची नजर कॉफीच्या पिंपावर गेली. दिवा विझला होता. कॉफी संपली होती. तेवढं तिला कळलं. तिने टेबलावरचा पाण्याचा मोठा जग उचलला आणि खोली ओलांडून पश्चिमेच्या भिंतीपाशी गेली. मान खाली घालून झाकण काढलं आणि पाणी ओतायला लागली.

"वेळ संपली! कुणी हलायचं नाही," हार्लन म्हणाला आणि बोट नाचवत मोजायला लागला. "अकरा, बारा, तेरा... चौदा?"

"मर्ना धरून चौदा," ग्रेटा बाउर म्हणाली.

अर्डिस मोठ्याने हसली. "धरून काय? अहो, ती कॉफी भरतेय! प्लग जळलाय म्हणून पिंप तिकडे आलंय. मर्ना, जग ठेव आणि इकडे ये."

"माणूस उभा असेल तिथला," ग्रेटा म्हणाली.

"मग ते पिंपही मोज!"

लोक हसले. हार्लन हसला नाही. तो डोकं खाजवत जवळ आला. "मला विचारायला हवं. मर्ना, मला साधं सांग. कॉफी की माणूस?"

एक शब्द म्हणायचा होता, कॉफी. सगळे हसले असते, ती अर्डिसकडे गेली असती, अर्डिसचा सातवा झाला असता, आणि शनिवारी नऊ वाजता सगळं नेहमीसारखं. तो शब्द तिच्या जिभेवर होता. तिने अर्डिसकडे पाहिलं. अर्डिस मान हलवत होती, हो हो, बोल, असं लहान मुलाला सांगतात तसं.

"दोन्ही," मर्ना म्हणाली.

"दोन्ही कसं लिहू?"

"कॉफी भरतेय. आणि मला चौदात धर."

इतकं हळू बोलली की मागच्यांना ऐकू गेलं नाही. पण अर्डिसला ऐकू गेलं. मर्नाने बहिणीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलेलं पाहिलं आणि डोळे तेवढे बदललेले पाहिले.

अर्डिसच्या कोपऱ्यातले पाच जण पाच दिशांना गेले. अर्डिसने कोट घातला आणि मधल्या एका खुर्चीवर जाऊन बसली. कुठेच गेली नाही. नोंदीचा कागद मर्नालाच भरायचा होता. इंडियानाच्या सिनेटरपुढे तिने स्वतःच्या चांगल्या अक्षरात शून्य काढलं. शून्य वाकडं आलं.

परत जायला तीच गाडी होती. तीन मैल. अर्डिसने गाणं म्हटलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, रेडिओ लावला नाही. मर्ना वाट बघत होती, आता बोलेल, आता ओरडेल, ओरड ना एकदाची. फाटकापाशी गाडी थांबली.

"दार नीट लाव," अर्डिस म्हणाली. "वारा येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ना पाकीट घेऊन ॲशफर्डला एकटीच गेली. अर्डिसचं घर वाटेतच होतं. तिने तिथे वेग कमी केला, पण थांबायची हिंमत झाली नाही. पाकीट दिलं, हॉटेलसमोरून तशीच परत आली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं, आणि वाजला नाही की त्याहून जास्त. ड्वेन म्हणाला, "तूच कर ना फोन." तिने डायल फिरवायला घेतला आणि तीन आकड्यांनंतर ठेवून दिला. रात्री तिने हिशेब केला. पप्पा आणि काका, अठरा वर्षं. अठरा वर्षांनी आपण एकसष्टच्या होऊ आणि अर्डिस पासष्टची. आणि कुणीतरी गाडीत बसून राहील. कोण, तेवढंच ठरायचं होतं.

शनिवार आला. जायचं की नाही? नाही गेलं तर आपणच तोडलं असं होईल. गेलं आणि तिने दार लावून घेतलं तर? नऊला पाच कमी असताना ती तळघराच्या पायऱ्यांपाशी उभी होती आणि कठडा सोडवत नव्हता. आतून बायकांचे आवाज येत होते. ती आत शिरली तसे थांबले. दोघी यंत्राखाली होत्या, एक मासिक वाचत होती, तीही वाचायची थांबली.

"बस," अर्डिस म्हणाली.

मर्ना बसली. मान बेसिनवर टाकली, गळा उघडा पडला, आणि डोळे मिटले. अर्डिसची बोटं केसात आली. नेहमीपेक्षा जोरात. पाणी सुटलं. यंत्रांचा आवाज चालू होता, त्या बायकांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं. अर्डिस वाकली.

"अठरा वर्षं न बोलायला माझ्याकडे वेळ नाही. सत्तेचाळीस वर्षांची आहे मी."

मर्नाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते केसांच्या पाण्यात गेलं.

"पण आज बोलणार नाही," अर्डिस म्हणाली. "आजचा शनिवार माझा. पुढच्या शनिवारी बघू. आणि तो मोंटानाचा शेंबड्या! अगं, आवडून घ्यायचा तर निदान नाक पुसलेला तरी बघायचा."

"पुसत होता," मर्ना म्हणाली. "रुमाल होता."

"गप्प बस. बोलत नाहीये मी."

पुढच्या शनिवारी दोघी बोलल्या. तेव्हा मर्नाने एकतीस आणि त्रेचाळीस आणि बारा सांगितलं. अर्डिसने ऐकून घेतलं आणि कर्लर इतका घट्ट लावला की दोन दिवस कपाळ ओढल्यासारखं झालं होतं. अर्डिस राष्ट्रीय अधिवेशनाला कधीच गेली नाही. एकदा राज्यापर्यंत गेली, एका दिवसासाठी, आणि तिथून पाय सुजवून आली. मोंटानावाला त्या वर्षी मार्चपर्यंतही टिकला नाही. त्या मुलांचं काय झालं, तर मर्ना बाराही जणांना तसंच वाढत राहिली आणि कागदावर दुसऱ्यांदा वाढून घेतलेल्यांचा आकडा तेवढा वाढवत राहिली. जन्मात एवढं एकच खोटं तिने लिहिलं, आणि आपण कधी पकडले जाऊ या भीतीत निवृत्त झाली.

भीती गेली असं कुणी समजू नका. त्यानंतरही दर चार वर्षांनी मर्ना कोपऱ्यात उभी राहिली आणि दर वेळी आदल्या रात्री तिला जेवण गेलं नाही. टीव्हीवाले यायला लागले. एकदा जपानहून आले आणि तिच्या तोंडापुढे माईक धरून विचारलं, बाई, कुणाला? तिने आपले तळहात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "अजून सात वाजले नाहीत." दोन हजार आठला तर खोलीत दोनशे माणसं कोंबली होती, भिंतीपर्यंत पोचायला तिला वाट मिळेना, आणि तरुण मुली तिला हाताला धरून आपापल्या बाजूला ओढत होत्या. ती रडकुंडीला आली होती. पण गेली ती जिथे जायचं तिथेच. अर्डिस बहुतेक वेळा समोरच्या भिंतीला असायची आणि तिथून ओरडायची, "कॉफीवाले! चुकलीस पुन्हा!"

ड्वेन गेला, हार्लन गेला. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत हार्लनची सून केंड्रा अध्यक्ष होती. कार्डांवर नाव लिहून सही करायची नवी पद्धत आली होती. त्या संध्याकाळी आकडे कळवायचा फोन काही लागेना, केंड्रा तासभर कानाला फोन लावून बसली. पाकिटाला फोनची गरज नव्हती. ते मर्नाने बंद केलं आणि सही घेतली.

सकाळी ती निघाली. एकोणऐंशी वर्षांची होती. त्या वर्षी मे महिन्यात ती झोपेतच गेली, त्यामुळे ॲशफर्डची ही तिची शेवटची खेप. हे तिला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं ते एवढंच की रस्त्यावर काचेसारखा, डोळ्यांना न दिसणारा बर्फ आहे. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ती ताशी पंचवीस मैलांनी चालली होती. शेजारी त्र्याऐंशी वर्षांची अर्डिस, मांडीवर पाकीट.

"ट्रॅक्टर पुढे गेला आपल्या," अर्डिस म्हणाली.

"जाऊ दे."

"काल त्या मास्तर उमेदवाराच्या कोपऱ्यात काय बघून उभी राहिलीस?"

"तू त्या बाईच्या कोपऱ्यात काय बघून उभी राहिलीस?"

"आवाज आहे तिला. पूल आलाय, मर्ना. पुलावर घसरतं."

"बघतेय मी."

"डोळे मिटून बघतेस होय?"

जिल्हाध्यक्ष दुकानाच्या दारातच उभा होता, रात्रभर न झोपलेला. म्हणाला, सगळ्या राज्याचं घोडं अडलंय, तुमचा कागद पहिला आला. मर्ना म्हणाली, बरं. त्याने पावती दिली, तिने ती घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग दोघी रस्ता ओलांडून हॉटेलात गेल्या. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. अर्डिसने दोघींसाठी गरम बीफ मागवलं, आणि रस्सा जास्त घाल म्हणून सांगितलं.